फोटोवरून पुन्हा उभी राहिलेली वास्तू : मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस

सिनेमाच्या धंद्यातल्या सोलापूरकराची मुंबई सुरू व्हायची ती लॅमिंग्टन रोडच्या नाझ बिल्डिंगपासून. वितरकांची ऑफिसे तिथे. कुठला पिक्चर कुठल्या शुक्रवारी सोलापूरला लागणार, हायरवर की शेअरवर, मिनिमम गॅरंटी किती, सारे तिथल्या टेबलांवर ठरायचे. माझे वडील, आप्पा, सोलापुरातल्या एका थिएटरचे मॅनेजर. मालकांच्या वतीने वर्षातून तीन-चारदा बुकिंगला जायचे. रात्रीच्या गाडीने निघायचे, दिवसभर नाझ, पुन्हा रात्रीच्या गाडीने परत. मी नववीत होतो त्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी मला बरोबर नेले. वितरकाच्या माणसाने दुपारी चारला या म्हणून सांगितले आणि मधले चार तास मोकळे मिळाले. आप्पा म्हणाले, "चल, तुला एक थेटर दाखवतो."

पाच-सात मिनिटे चाललो असू. समोर एक दगडी, नक्षीदार, थोडी काळवंडलेली इमारत आली. तीच ऑपेरा हाऊस. पिक्चर कुठला होता ते आता आठवत नाही, कारण आप्पांनी मला तो नीट पाहूच दिला नाही. दिवे असेपर्यंत ते वर घुमटाकडे पाहत होते. इंटरव्हलला मला घेऊन जिना चढले, प्रत्येक पायरी ओठांतल्या ओठांत मोजत. कुठल्याही थिएटरात गेले की ते पायऱ्या मोजायचे. गर्दी सुटल्यावर बाल्कनी किती वेळात रिकामी होते याचा हिशेब त्यांना पायऱ्यांवरून लागायचा. वरून त्यांनी मला पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती दाखवल्या. बाकी सगळीकडे वेलबुट्टी, कमानी, सोनेरी काठ आणि तेवढ्याच दोन भिंती उघड्या, सपाट. "इथं काहीतरी होतं बघ," ते म्हणाले. "ही नाटकाची जागा आहे. पडदा मागनं आलाय."

या स्मरणिकेत सोलापूरच्या चित्रगृहांवर जाणकार मंडळी लिहीत आहेत. माझ्याकडे संपादकांनी मागितला तो बाहेरगावच्या अशा एका वास्तूचा इतिहास, जी मोडकळीला आली आणि तरीही परत उभी राहिली. ऑपेरा हाऊस सोडून दुसरे नाव माझ्या मनात आले नाही. त्या दोन उघड्या भिंतींचे उत्तर मला मिळाले आहे. ते आप्पांना सांगायचे राहिले, म्हणून इथे लिहितो.

या वास्तूची कल्पना १९०८ सालची. मॉरिस बँडमन हा कलकत्त्याला बस्तान बसवलेला नाट्यव्यावसायिक. त्याच्या कंपन्या जिब्राल्टरपासून थेट पूर्वेकडच्या बंदरांपर्यंत बोटीने फिरायच्या आणि वाटेवरच्या मोठ्या शहरांत मुक्काम टाकून संगीतिका, विनोदी खेळ करायच्या. मुंबईत त्याला हक्काचे, युरोपातल्यासारखे रंगमंदिर हवे होते. जोडीला मिळाले जहांगीर फ्रामजी कराका. कोळशाच्या दलालीतले पारशी गृहस्थ, नाटकाचे शौकीन. १९०९ मध्ये बांधकाम सुरू झाले. १९११ हे दिल्ली दरबाराचे वर्ष. पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आले आणि इमारतीचे काम अजून चालू असतानाच त्यांच्या हस्ते उद्घाटन झाले. नावामागे 'रॉयल' लागले ते असे. काम पुरे व्हायला १९१२ उजाडले आणि त्यानंतरही काही वर्षे भर पडत राहिली. त्याच राजाच्या आगमनाची आठवण म्हणून ठरलेल्या गेटवे ऑफ इंडियाचा तर पायाच १९१३ मध्ये बसला आणि ते खुले व्हायला १९२४ साल लागले. त्या मानाने ऑपेरा हाऊस लवकर उभे राहिले म्हणायचे.

बांधणी बरोक धाटणीची, म्हणजे युरोपातल्या दरबारी थाटाची. दर्शनी बाजूला खांब, पुतळे, माथ्यावर त्रिकोणी शिखर. आत शिरल्यावर फॉयरमध्ये स्फटिकाची भव्य झुंबरे. ही झुंबरे डेव्हिड ससून घराण्याने दिलेली, त्यांच्या भायखळ्याच्या 'सां सूसी' या हवेलीतली. त्याच हवेलीत आज मसीना हॉस्पिटल आहे. प्रेक्षागृहावरचा घुमट आठ पाकळ्यांचा आणि त्या पाकळ्यांवर कवी, नाटककार, कादंबरीकार, विचारवंतांचा मान राखलेला. खाली स्टॉल, वर बाल्कनी, त्याच्याही वर गॅलरी. छताचा घाट असा धरला होता की मायक्रोफोन नसलेल्या त्या काळात गॅलरीच्या शेवटच्या बाकावरच्या माणसालाही नटाचा शब्द न् शब्द ऐकू यावा. सगळ्यात कमी पैसे मोजणाऱ्या प्रेक्षकाच्या कानाची अशी काळजी घेतलेली वास्तू मला दागिन्यांनी मढवलेल्या वास्तूपेक्षा मोठी वाटते. आणि मंचाच्या दोन्ही अंगांना, भिंतीतून पुढे झुकलेले, मानकऱ्यांचे बॉक्स. हे बॉक्स लक्षात ठेवायचे.

आता आजूबाजूचा मुलूख पाहा. ऑपेरा हाऊस गिरगावच्या वेशीवर आहे आणि हिंदुस्थानी सिनेमाचा पाळणा याच भागात हलला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी लोकांसाठी लागला तो गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी लागला तो गिरगावातल्याच मॅजेस्टिकमध्ये. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपटही मॅजेस्टिकलाच. कॉरोनेशनचा आज मागमूस नाही. मॅजेस्टिक १९७० नंतर पाडले गेले, तिथे शॉपिंग सेंटर झाले, आणि 'आलम आरा'ची प्रिंटही कुठे उरलेली नाही. ज्या दोन जागांवर प्रत्येक सिनेमावाल्याने चप्पल काढून जावे, त्या दोन्ही गेल्या. उरले ते त्यांच्या शेजारचे नाटकघर.

ते नाटकघर तरी कुठे नाटकघर राहिले होते? सुरुवातीची वर्षे विलायती कंपन्यांची, पण मराठी रंगभूमीही तिथे नांदली. बालगंधर्वांचे, मास्टर दीनानाथांचे सूर त्या घुमटाखाली घुमले आहेत. पुढे सिनेमाने जोर धरला, परदेशी फिरत्या कंपन्या आटल्या. १९३५ मध्ये वास्तू आयडियल पिक्चर्सकडे आली आणि चित्रगृहाच्या सोयीने तिची फेररचना झाली.

ही फेररचना म्हणजे काय, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळेल. नाटक खोल असते. नट पुढे येतो, मागे जातो, विंगेत सरकतो. बाजूच्या बॉक्समधून त्याची पाठ दिसली, कूस दिसली, तरी खेळ समजतो. किंबहुना बॉक्समधला मानकरी नाटक पाहायला जितका यायचा, तितकाच लोकांनी आपल्याला पाहावे म्हणून यायचा. पडदा मात्र सपाट. त्याच्या अगदी कडेला बसलात तर नायिकेचा चेहरा चिंचोळा आणि नायक काठीसारखा. त्या जागेचे तिकीट कोण घेणार? शिवाय पडदा रुंद हवा, मागे स्पीकर हवेत. म्हणजे बाजूचे बॉक्स आडवे येणार. ते काढून टाकले गेले. भिंती सपाट लिंपल्या. आप्पांनी मला दाखवलेल्या त्या दोन भिंती म्हणजे ही जागा. तिकिटाच्या हिशेबाने पाहिले तर तेव्हाच्या चालकांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. सिनेमा आला नसता तर वास्तूच टिकली नसती. पण काढलेल्या वस्तूचा एक तुकडाही जपून ठेवावा, असे त्या काळी कुणाच्या मनात येत नसे.

सिनेमा आल्यावरही नाटक पुरते हद्दपार झाले नाही. १९४४ मध्ये पृथ्वीराज कपूर यांनी पृथ्वी थिएटर्स काढले. मुंबईत त्यांना स्वतःची जागा नव्हती. ऑपेरा हाऊसमध्ये दुपारपासून सिनेमाचे खेळ, म्हणून पृथ्वीची नाटके तिथे सकाळी व्हायची. खेळ संपला की घामाने निथळलेले पृथ्वीराज दारात झोळी पसरून उभे राहत आणि बाहेर पडणारे प्रेक्षक संस्थेसाठी त्यात पैसे टाकत. सकाळी झोळी, दुपारी तिकीटबारी. एकाच दाराने दोन्ही पाहिले आहे.

१९५२ मध्ये गोंडलचे महाराज विक्रमसिंहजी यांनी आयडियल पिक्चर्सकडून ही वास्तू ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली. पुढची तीन-साडेतीन दशके ती मुंबईची नामांकित टॉकीज म्हणून चालली. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ' इथे लागला होता. या पिक्चरचे बीज आपल्या अगदी शेजारचे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत वसवली, तिच्यावरून ही कथा सुचली. आटपाडी आपल्या सांगोल्याला लागून. माणदेशातल्या बिनभिंतींच्या तुरुंगाची गोष्ट राजाच्या नावाच्या थिएटरात पाहायला मुंबई रांगा लावून उभी राहिली, याचा मला आजही अभिमान वाटतो. शांतारामबापूंचा सोलापूरशी धागा तर आणखी जवळचा. 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'तले डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याच गावचे.

मग उतार लागला. १९८२ मध्ये टीव्ही रंगीत झाला. पाठोपाठ व्हिडिओ आला, कॅसेटवर चोरटे पिक्चर आले, नव्वदीत घराघरात केबलची तार आली. सोलापुरात आम्ही हे सारे डोळ्यांनी पाहिले. रोजच्या डीसीआरमध्ये, म्हणजे दिवसाच्या वसुलीच्या तक्त्यात, मॅटिनीचा आकडा आधी शंभरात आला, मग पन्नासात, मग आप्पा तो आकडा मोठ्याने वाचेनासे झाले. मुंबईतही हेच. १९९३ मध्ये ऑपेरा हाऊसचे दार बंद झाले. भोवतालचा सगळा भाग 'ऑपेरा हाऊस' याच नावाने ओळखला जात होता. बसवर पाटी, हिरे बाजारात नाव, टॅक्सीवाल्याला सांगायला नाव. नाव गावभर आणि घराला कुलूप.

बंद थिएटर किती वेगाने मरते, ते बाहेरच्या माणसाच्या ध्यानात येत नाही. घर बंद राहिले तर धूळ बसते. थिएटर बंद राहिले तर आतली हवाच थांबते. त्याला खिडक्या जवळजवळ नसतात. रोजच्या चार खेळांना पंखे फिरतात, दारे उघडतात, हजार माणसांच्या हालचालीने वारा खेळतो. ते थांबले की पहिल्या पावसाळ्यातच ओल भिंत चढू लागते. खुर्चीच्या काथ्यात आणि लाकडात वाळवी शिरते. छपरावर पिंपळाचे रोप धरते आणि त्याचे मूळ गिलाव्यात पाचर मारते. लोखंडी तुळईला गंज चढला की ती फुगते आणि स्वतःभोवतीचा चुना फोडून बाहेर येते. वरची बाल्कनी खांबाविना पुढे काढलेली असते, तिचा सगळा भार त्याच तुळयांवर. ऑपेरा हाऊसमध्ये हेच झाले. छत गळत होते, दर्शनी भागावर झाडोरा वाढला होता आणि बाल्कन्या कधी खाली येतील याचा नेम नव्हता. अशा अवस्थेत वर्षे गेली, सतरा-अठरा वर्षे.

मुंबईच्या इतर चित्रगृहांनी याच काळात वेगवेगळ्या वाटा धरल्या. धोबी तलावचे मेट्रो, १९३८ साली हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीने बांधलेले, २००६ मध्ये आतून फोडून मल्टिप्लेक्स झाले. दर्शनी रूप राहिले, एकच एक विशाल प्रेक्षागृह गेले. चर्चगेटसमोरचे इरॉस, तेही १९३८ चे, शियावक्स कंबाटा यांनी उभारलेले, लाल आग्र्याच्या दगडाचे, बाराशेहून जास्त खुर्च्यांचे. मध्ये काही वर्षे बंद पडले आणि २०२४ मध्ये सुमारे तीनशे खुर्च्यांच्या आयमॅक्सच्या रूपाने उघडले. मरीन लाइन्सचे लिबर्टी १९४९ मध्ये 'अंदाज'ने सुरू झाले. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन'ने शंभरावर आठवडे मुक्काम ठोकून त्याला नवे आयुष्य दिले. अमेरिकेत तर न्यूयॉर्कचे रॉक्सी, जवळपास सहा हजार खुर्च्यांचा सिनेमाचा राजवाडा, १९२७ मध्ये उघडले आणि १९६० मध्ये जमीनदोस्त झाले. पुरते तेहतीस वर्षांचे आयुष्य. मोठी वास्तू मोठी आहे म्हणून टिकते, या समजुतीला काही अर्थ नाही.

ऑपेरा हाऊस टिकायला पहिले कारण म्हणजे मालकांनी विकले नाही. गोंडलचे ज्योतेंद्रसिंहजी आणि कुमुदकुमारी यांच्यासमोर दक्षिण मुंबईतला तो भूखंड होता आणि त्या भागात भूखंडाला काय भाव येतो हे सांगायला नको. त्यांनी वास्तू धरून ठेवली. २०१० च्या सुमारास जतनतज्ज्ञ वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्याकडे काम सोपवले. २०१२ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स वॉच या जगभरच्या धोक्यातल्या वारसास्थळांच्या यादीत ऑपेरा हाऊसचे नाव आले. त्यामुळे जगाचे लक्ष तिकडे गेले.

कामाचा क्रम शिकण्यासारखा आहे. आधी जीव वाचवायचा, मग रूप. गळणारे छत आणि धोक्यातल्या बाल्कन्या हे पहिले काम. त्याला टाळ्या पडत नाहीत, कारण ते कुणाला दिसत नाही. नंतर दर्शनी बाजू. आतल्या सजावटीची पाळी त्यानंतर. भिंतींवर दशकानुदशकांचे रंग चढले होते, थरावर थर. ते हळूहळू खरवडत मूळ छटेपर्यंत जायचे आणि तीच छटा पुन्हा द्यायची. तीसच्या दशकात सिनेमासाठी चढवलेले आणि मूळचे यांची वेचणी करायची. वीज, वातानुकूलन, आग विझवण्याची साधने, ध्वनियंत्रणा आजच्या काळाची, पण नजरेआड लपवून बसवायची.

आणि बॉक्स? ते तर पंचाहत्तर वर्षांपूर्वी गेले होते. त्यांचा दगड नव्हता, लाकूड नव्हते, भिंतीवर खूण नव्हती. होती ती जुनी छायाचित्रे. सुरुवातीच्या वर्षांत कुणीतरी त्या प्रेक्षागृहाचे फोटो काढले होते. ते काढताना हे शंभर वर्षांनी कामाला येईल, असा विचार त्या फोटोग्राफरने केला असणे शक्य नाही. त्या फोटोंत कठडा दिसत होता, कमान दिसत होती, नक्षीचा ओघ दिसत होता. शेजारच्या, अजून उभ्या असलेल्या भागाशी ताडून त्यांची मापे बसवता आली. बॉक्स पुन्हा उभे राहिले. या सबंध इतिहासात मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. पैसा गोंडलकरांचा, बुद्धी लांबांची, हात कारागिरांचे, पण पुरावा एका अनामिक फोटोग्राफरचा. तो नसता तर त्या दोन भिंती आजही सपाट राहिल्या असत्या.

२० ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईच्या मामि चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाने दार पुन्हा उघडले. त्याच दिवसांत मुंबईत जन्मलेल्या गोमंतकीय गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांचे ऑपेरा गायन झाले. म्हणजे सिनेमा आणि ऑपेरा, दोघांनाही हळदीकुंकू लागले. खुर्च्या आता ५७५. २०१७ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा जतन पुरस्कारांत या कामाचा गौरव झाला. देशात उभे उरलेले हे एकमेव ऑपेरा हाऊस.

उघडल्यानंतर वर्षभराने मी गेलो. एका गायनाच्या कार्यक्रमाचे तिकीट काढले, वेळेच्या तासभर आधी पोचलो. झुंबरे पाहिली, घुमट पाहिला. मग वर चढून आप्पा उभे होते तिथेच उभा राहिलो. समोर दोन्ही बाजूंना बॉक्स. कठड्यावर प्रकाश पडलेला. मला तेव्हा काय वाटले ते नीट सांगता येणार नाही. आप्पा जाऊन तोवर नऊ वर्षे झाली होती. नुसत्या सपाट भिंतीकडे पाहून तिथे काय असेल हे ओळखणारा माणूस ते दिसायच्या आधी गेला.

हे सारे मुंबईचे. सोलापूरला त्याचे काय, असे कुणी विचारील. सोलापूर ही जुन्या मिलच्या १८७७ पासूनची गिरणगावाची माती. गिरणीचा भोंगा वाजला की पाळी सुटायची आणि त्या हिशेबाने खेळांच्या वेळा लागायच्या. पगाराच्या आठवड्यात खिडकीवर हात आत घालायला जागा नसायची. पूर्व भागात पद्मशाली समाजासाठी तेलुगू पिक्चर, कुठे कानडी, नव्या पेठेकडे हिंदी, मराठी. एकाच शुक्रवारी एकाच गावात चार भाषांतले नायक पोस्टरवर, हे महाराष्ट्रात कितीशा गावांना लाभले असेल? दोन थिएटरांत एकच प्रिंट लावलेली असली की रिळांच्या पेट्या सायकलच्या कॅरिअरला बांधून पोरगा इकडून तिकडे धावायचा. इथले रीळ संपायच्या आत तिथले पोचलेच पाहिजे. रस्त्यात नंदीध्वजांची मिरवणूक आडवी आली तर पब्लिक शिट्ट्या मारत बसायचे आणि ऑपरेटर केबिनच्या झरोक्यातून दाराकडे डोळे लावून. भागवतांच्या आवारात तर चित्रमंदिर, कलामंदिर, उमामंदिर असे पडद्याला पडदा लागून. मल्टिप्लेक्स हा शब्द कानावर यायच्या कितीतरी आधी सोलापूरकर एका पिक्चरचे तिकीट संपले की शेजारच्या खिडकीत उभा राहायचा.

गिरण्या बंद पडल्या तेव्हा पाळीचा प्रेक्षक गेला. २००१ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना करमणूक करात पहिली तीन वर्षे पूर्ण आणि पुढची दोन वर्षे मोठी सूट दिली. एकपडदा थिएटरवाल्याने मात्र जुन्या छपराखाली कर भरत राहायचा. हा दुजाभाव होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मग डिजिटल आले, रिळे गेली, कार्बनच्या कांड्या जाळणारे प्रोजेक्टर भंगारात किलोने गेले. २०२० च्या मार्चपासून कोरोनाने पडदे अंधारले. मधले काही महिने सोडता राज्यातली चित्रगृहे पुन्हा उघडायला २०२१ चा २२ ऑक्टोबर उजाडला. तोवर जे थकले होते ते उठलेच नाहीत.

वास्तूला वापर मिळाला तर ती जगते, याचा दाखला आपल्याच गावात आहे. वारदांचे इंद्रभुवन पालिकेचे कार्यालय झाले. लोकांची ये-जा राहिली म्हणून ती नक्षी आजवर उभी आहे. आपली सगळी थिएटरे अशी वाचतील, असे मी म्हणत नाही. गोंडलकरांसारखा मालक प्रत्येक वास्तूच्या नशिबी नसतो आणि सोलापुरातल्या मालकाने पंधरा वर्षे रिकामे थिएटर धरून बसावे, अशी अपेक्षा करायचा मला अधिकार नाही. पण फोटो काढायला भूखंड विकावा लागत नाही. माप घ्यायला टेप पुरतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने गावातल्या प्रत्येक उभ्या, बंद आणि पाडलेल्या थिएटरची चौकशी करावी, अशी माझी विनंती आहे. कुणाच्या कपाटात उद्घाटनाचा ग्रुप फोटो असेल, ज्यात माणसांच्या मागे भिंत आणि बुकिंगची खिडकी दिसते. कुणाकडे बांधकामाचा निळा नकाशा असेल, तिकिटांचे अर्धुक असेल, पोस्टर छापायचे लाकडी ठोकळे असतील. निवृत्त ऑपरेटर आणि डोअरकीपर अजून आहेत, त्यांना विचारावे. केबिनमधून पडदा किती फुटांवर होता, कुठल्या खांबामागच्या खुर्चीचे तिकीट विकायचे नाही अशी ताकीद होती, हे त्यांच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही.

सुरुवात मी केली आहे. आप्पांच्या मागे त्यांची एक वही राहिली, चौकोनी रकान्यांची, वर कापडी पुठ्ठा. पुढची पाने हिशेबाची. मधल्या जोडपानावर त्यांच्या थिएटरचा आराखडा आहे, पट्टी न लावता पेन्सिलीने काढलेला. स्टॉल, बाल्कनी, केबिन, मागचा दरवाजा. पडद्याची रुंदी लिहिली आहे, उंची लिहिली आहे. बाल्कनीच्या जिन्यावर बाण काढून बारीक अक्षरात लिहिले आहे, 'डावा जिना २१ पायऱ्या, उजवा २०, शेवटची पायरी उंच, अंधारात सांभाळा.' त्या थिएटरच्या जागी आज पार्किंग आहे. वहीतल्या त्या पानाची स्वच्छ प्रत मी संपादकांकडे दिली आहे.